भाजल्याच्या जुन्या वणातली न भरणारी जखम

भाजल्याच्या जुन्या वणावर उघडलेली जखम तीन महिन्यांत भरली नाही, तर तिच्यावर आणखी एक नवं मलम लावून बघू नका. तिच्या कडेचा तुकडा काढून तपासायला पाठवा. आम्हाला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. पुढचं सगळं लिहिलंय ते यासाठी की, हा तुकडा काढायला लोक वर्ष-दीड वर्ष उशीर करतात आणि त्या उशिरात काय काय हातचं जातं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

भाजून बऱ्या झालेल्या कातडीत पुढे कधीतरी त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. झाँ-निकोला मार्जोलँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ साली वणांत होणाऱ्या जखमांचं वर्णन केलं होतं. वणातल्या कर्करोगाच्या जखमेला डॉक्टर आजही मार्जोलिन अल्सर म्हणतात. भाजल्याच्या वणांपैकी साधारण १ ते २ टक्के वणांत हे घडतं असं वैद्यकीय पुस्तकं सांगतात, आणि भाजल्यापासून कर्करोग होईपर्यंतचा काळ सरासरी ३० वर्षांच्या आसपास असतो. टक्का लहान दिसतो. पण चूल, स्टोव्ह, उकळतं पाणी, फटाके, विजेचा धक्का यांनी भाजलेली माणसं आपल्याकडे घरोघर आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या खोल जखमेवर वेळेत त्वचारोपण झालेलं नाही. ती जखम महिनोन्‌महिने आपली आपण आकसत भरली. धोका अशाच वणाला जास्त असतो.

तीस वर्षांचं हे अंतर फसवं आहे. सातव्या वर्षी भाजलेलं मूल चाळिशीला येईपर्यंत तो वण हा त्याच्या शरीराचाच भाग झालेला असतो. त्यावर चीर पडली तर कुणाच्या मनात कर्करोग येत नाही. "जुनाच आहे तो, थंडीत उकलतो," असं घरचे म्हणतात आणि पुष्कळदा डॉक्टरही.

वणाची कातडी पातळ, कोरडी आणि ताठ असते. तिच्यात घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी नसतात, लवचिकपणा नसतो. गुडघ्यामागे, कोपराच्या आत, घोट्याभोवती, म्हणजे जिथे सांधा सतत वाकतो तिथे ती पुन्हा पुन्हा फाटते. प्रत्येक वेळी कडेच्या पेशी जखम बुजवण्यासाठी विभागतात. सूज, पू, दुरुस्ती आणि पुन्हा फाटणं हे चक्र दशकानुदशकं चाललं की विभागणाऱ्या पेशींत चुका साठत जातात. त्यातच वणातला रक्तपुरवठा तोकडा असतो, लसिकावाहिन्या नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची गस्त तिथे नीट पोहोचत नाही. बिघडलेली पेशी तिथे बराच काळ निवांत वाढू शकते.

याच रचनेमुळे हा रोग आधी संथ आणि मग एकदम वेगवान वाटतो. वणाच्या जाड पट्ट्याने वाढ काही काळ अडवलेली असते. ती एकदा पट्ट्याच्या बाहेर, निरोगी कातडीत किंवा खालच्या स्नायूत गेली की तिथल्या शाबूत लसिकावाहिन्यांमधून थेट गाठींकडे, म्हणजे जांघेतल्या किंवा काखेतल्या लसिकाग्रंथींकडे जाते. उन्हामुळे होणारा याच जातीचा साधा कर्करोग, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, ५ टक्क्यांहून कमी रुग्णांत गाठींपर्यंत पोहोचतो. वणातल्या कर्करोगात हेच प्रमाण बहुतेक नोंदींत २० टक्क्यांच्या वर आहे. "त्वचेचा कॅन्सर काय, वरच्यावर असतो, कापला की संपला" ही समजूत इथे अजिबात लागू पडत नाही.

भाजणं हे सर्वांत मोठं कारण, पण एकटंच नव्हे. हाडाला जुना जंतुसंसर्ग होऊन वर्षानुवर्षं पाझरणारं भोक, व्हेरिकोज व्हेन्समुळे घोट्याजवळ झालेली जखम, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे बेडसोर, कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळव्यावरची जखम, अशा कुठल्याही जुनाट जखमेत हे होऊ शकतं. कुष्ठरोगातल्या तळव्याच्या जखमेबाबत तर जास्तच जागरूक राहायला हवं, कारण तिथे दुखणं नावाची सूचनाच मिळत नाही. औषधाने कुष्ठरोग बरा होऊन वीस वर्षं झाली तरी बधिरपणा राहतो, आणि जखमाही होत राहतात.

महाराष्ट्रातल्या बायकांसाठी आणखी एक जागा लक्षात ठेवायला हवी: कंबर. परकराची नाडी रोज एकाच ठिकाणी करकचून बांधली की तिथे आधी काळा पट्टा दिसतो, मग कातडी जाड आणि खरखरीत होते, खाज सुटते, पांढरे पापुद्रे निघतात, उन्हाळ्यात घामाने चिरा पडतात. चाळीस-पन्नास वर्षं हे चालू राहिलं तर एखाद्या चिरेची जखम होते आणि ती भरत नाही. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. एकीची जखम दीड वर्षाची होती, दुसरीची दोन वर्षांची. दुसरी परकर न घालता लुगडं कंबरेला घट्ट गाठ मारून नेसत असे. तिचा कर्करोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेलेला होता. हा प्रकार नवा नाही. धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर यांनी १९४५ सालीच केलं होतं.

कंबरेचं हे टाळणं सोपं आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष झालेलं पाहवत नाही. दोरीसारख्या नाडीऐवजी तीन-चार बोटं रुंद कापडी पट्टा किंवा रुंद इलॅस्टिक वापरा. गाठीची जागा रोज बदला, एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे, कधी पट्टा थोडा वर, कधी खाली. रात्री नाडी पूर्ण सैल करा. काळ्या पट्ट्यावर खाज येऊ लागली की खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा आणि काही आठवडे त्या जागी काहीही बांधू नका. एवढ्याने खाज आणि चिरा गेल्या नाहीत, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आजीला कंबरेला जखम आहे का, हे विचारायला घरातल्या मुली-सुनांनी लाजू नये. आजी आपणहून कुणाला दाखवत नाही.

आता ओळखायचं कसं. साधी जखम बरी होताना कडेकडून गुलाबी, पातळ, सपाट कातडी आत सरकताना दिसते आणि आठवड्यागणिक आकार कमी होतो. कर्करोगाची कड उलट वर उचललेली, बाहेरच्या बाजूला वळलेली आणि बोटाला कडक लागते. तळातलं मांस खडबडीत, फुलकोबीसारखं वाढलेलं दिसू लागतं. हलका हात लागला, पट्टी काढली तरी रक्त येतं. स्राव एकदम वाढतो आणि त्याला आधी नसलेला घाण वास येतो. वर्षानुवर्षं न दुखणारी जागा रात्री दुखायला लागते. यांतलं एकही लक्षण असेल तर तीन महिने थांबायचीही गरज नाही.

मोबाइलचा इथे फार उपयोग होतो. जखमेशेजारी शिवणकामाचा टेप ठेवून दर पंधरा दिवसांनी एकाच अंतरावरून, उजेडात फोटो काढा. रोज बघणाऱ्याला वाढ कळत नाही. दोन महिन्यांचे चार फोटो शेजारी ठेवले की लगेच कळते, आणि डॉक्टरांना ते तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी जास्त सांगतात. त्याच वेळी गाठीही चाचपा. जखम पायावर असेल तर जांघेत, हातावर असेल तर काखेत. पायाच्या जखमेने जांघेत अवधाण येतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि नेमकी तीच माहिती घात करते. जंतुसंसर्गानेही गाठ सुजते, ती दुखते आणि औषधाने दोन-तीन आठवड्यांत ओसरते. न दुखणारी, कडक, एका जागी घट्ट बसलेली किंवा औषधांनंतरही तशीच राहिलेली गाठ सुईने तपासलीच पाहिजे.

उशीर बहुतेक वेळा होतो तो पुवाच्या तपासणीवर विसंबल्यामुळे. जखमेचा स्वॅब घेतला जातो, त्यात जंतू सापडतात, त्यांना लागू पडणारं अँटिबायोटिक दिलं जातं. पाच दिवस वास कमी होतो, सगळ्यांना हायसं वाटतं. महिन्याने पुन्हा तेच. उघड्या जखमेवर जंतू असतातच, कर्करोगाच्या जखमेवर तर हमखास असतात. ते सापडले म्हणून जखम न भरण्याचं कारण सापडलं असं होत नाही. दुसऱ्या कोर्सनंतरही जखम तशीच असेल, तर तिसरा लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बायोप्सीबद्दल, म्हणजे तुकडा काढून तपासण्याबद्दल, स्पष्ट विचारा. साखर जास्त असलेल्यांचं आणखी वेगळं होतं. प्रत्येक न भरणारी जखम मधुमेहाच्या खात्यावर टाकली जाते.

"चाकू लावला की पसरतो" ही भीती खेड्यात आणि शहरात सारखीच आहे. तुकडा काढल्यामुळे हा रोग पसरत नाही. तुकडा न काढता घालवलेल्या महिन्यांत तो पसरतो. मग निदान होतं तेव्हा तो आधीच पुढे गेलेला असतो, आणि दोष बायोप्सीला मिळतो.

बायोप्सी चुकीच्या जागेतून घेतली तर मात्र ती फसवते. जखमेच्या मध्यभागी मेलेलं मांस आणि पू असतो. तिथला तुकडा पाठवला तर "फक्त सूज आणि मृत ऊती" असा अहवाल येतो आणि रुग्ण निश्चिंत होऊन घरी जातो. तुकडा कडेचा हवा, थोडी जखम आणि थोडी लगतची कातडी दोन्ही त्यात यायला हवी, आणि तो पुरेसा खोल हवा. जखम मोठी असेल तर किमान चार बाजूंनी चार तुकडे, कारण कर्करोग एका कोपऱ्यात असून तीन कोपरे स्वच्छ असू शकतात. वरवर खरवडलेल्या तुकड्यात आणखी एक घोळ होतो. जुन्या जखमेच्या कडेची कातडी नुसत्या चिडीनेही वेडीवाकडी वाढते, आणि तिच्यातला व कर्करोगातला फरक ठरवायला खालचा थर दिसावा लागतो. अहवालात "स्यूडोएपिथेलिओमॅटस हायपरप्लेझिया", म्हणजे अशीच चिडीची वाढ, असं लिहून आलं आणि जखम डोळ्यांना संशयास्पद दिसतच असेल, तर खोल तुकडा पुन्हा घ्यायचा. एक अहवाल नकारार्थी आला म्हणून प्रकरण बंद करू नये. जागा बधिर करून हे काम बाह्यरुग्ण विभागात थोड्या वेळात होतं. तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दसपट द्रवात बुडवलेला असावा. नुसत्या सलाईनमध्ये ठेवून दुसऱ्या गावी पाठवलेला तुकडा सडतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

निदान झाल्यावर जखमेखालच्या हाडाचा एक्स-रे, गरज असेल तर एमआरआय, गाठींची सोनोग्राफी आणि छातीचा स्कॅन होतो. त्यावरून शस्त्रक्रिया ठरते. वेळेत आलेल्या माणसाची जखम कडेने किमान २ सेंटीमीटर निरोगी भाग घेऊन, आणि खोलवर स्नायूवरच्या आवरणासकट काढतात. जमेल तेवढा अस्थिर वणही त्याबरोबर जातो. मग मांडीची पातळ कातडी घेऊन त्वचारोपण, किंवा हाड, शिरा उघड्या पडल्या असतील तर फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट उचललेला कातडी-मांसाचा तुकडा. काही आठवड्यांत माणूस चालायला लागतो.

उशिरा आलेल्या माणसाचं असं होत नाही. कर्करोग हाडात, सांध्यात किंवा मुख्य रक्तवाहिनीभोवती गेला असेल तर पाय काढण्याला पर्याय उरत नाही. कुठून काढावा लागतो यावर पुढचं आयुष्य ठरतं. गुडघ्याखालून काढला तर कृत्रिम पायावर माणूस शेतात जाऊ शकतो, जिना चढू शकतो. गुडघ्याच्या वरून काढला तर प्रत्येक पावलाला कितीतरी जास्त ताकद लागते आणि वयस्क माणसं बऱ्याचदा चालणं सोडून देतात. घोट्यावरची जखम पोटरीत चढत जायला लागलेले महिने असे वसूल होतात. गाठींत रोग असेल तर जांघेतल्या गाठी काढाव्या लागतात, ती जखम भरायला त्रास देते आणि नंतर पाय कायमचा सुजू शकतो. काहींना त्यानंतर रेडिएशन लागतं. रोग फुप्फुसापर्यंत गेला असेल तर केमोथेरपी किंवा इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणारी औषधं, हे मार्ग आहेत. इम्युनोथेरपीचा काहींना चांगला उपयोग होतो, पण तिची किंमत बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी लागते. रोग उलटतो तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच, आणि त्याच काळात "आता बरं आहे" म्हणून लोक यायचं थांबवतात.

काही रुग्ण इतके उशिरा येतात की शस्त्रक्रियेने बरं करणं शक्य नसतं. तेव्हाही करण्यासारखं पुष्कळ असतं, आणि ते घरच्यांना शिकवलं जात नाही याचं आम्हाला फार वाईट वाटतं. अशा माणसाला वासामुळे मागच्या खोलीत ठेवलेलं असतं, ताट वेगळं केलेलं असतं. हा रोग संसर्गजन्य नाही. वास येतो तो मेलेल्या मांसात वाढणाऱ्या, ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंमुळे, आणि त्यावर साधा स्वस्त उपाय आहे: मेट्रोनिडाझोल. डॉक्टरांच्या सल्ल्याने ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची बारीक पूड धुतलेल्या जखमेवर भुरभुरतात किंवा त्याची जेल लावतात. काही दिवसांत वास इतका कमी होतो की नातवंडं पुन्हा जवळ बसू लागतात.

धुण्यासाठी १ लिटर पाणी उकळून, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा, घालून गार करा. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, डेटॉल यांनी जखम जळते आणि रक्त येतं. चुना, तंबाखू, राख, शेण यांतलं काहीही नको. जखमेला चिकटणारी कोरडी पट्टी ओढून काढू नका, आधी त्याच मिठाच्या पाण्याने पूर्ण भिजवा. थेट जखमेवर पॅराफिन गॉज (न चिकटणारी मेणचट जाळी) आणि त्यावर जाड कापसाची पट्टी ठेवली तर पुढच्या वेळी ती सहज सुटते. दुखण्यासाठीची मॉर्फिनची गोळी पट्टी बदलण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. नंतर दिली तर सगळी वेदना होऊन गेलेली असते. मॉर्फिन म्हणजे शेवट, ही समजूत सोडा. ते वेदनेवरचं औषध आहे आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांत मिळतं. त्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सोबत हवं.

माश्या बसल्या तर अळ्या होतात. त्याची लाज वाटून घरचे कुणाला बोलावत नाहीत, आणि अळ्या आत शिरत जातात. टर्पेंटाइन तेलात भिजवलेला गॉज थोडा वेळ ठेवला की अळ्या वर येतात आणि नर्स चिमट्याने काढू शकते. हे दोन-तीन दिवस करावं लागतं. त्यापुढे पट्टी पूर्ण बंद आणि मच्छरदाणी दिवसाही.

रक्त येऊ लागलं तर स्वच्छ कापड दाबून १० ते १५ मिनिटं हात हलवू नका. दर मिनिटाला उचलून पाहिलं तर रक्त थांबत नाही. वारंवार रक्त येत असेल तर रेडिएशनची एकच बैठक, बऱ्याचदा ८ ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) इतकी, ते आटोक्यात आणते, आणि हा उपाय फार कमी जणांना सुचवला जातो. जांघेतली गाठ फुटून खालच्या मोठ्या रोहिणीला धक्का लागण्याची शक्यता असेल, तर डॉक्टरांनी घरच्यांना तशी आधीच कल्पना द्यायला हवी. खाटेजवळ गडद रंगाचे मोठे टॉवेल ठेवावेत. पांढऱ्या चादरीवर पसरलेलं रक्त पाहून घरच्यांचं अवसान जातं आणि दाबून धरायचं राहून जातं.

शेवटची एक गोष्ट हमखास निसटते. वाढलेल्या स्क्वॅमस कर्करोगात रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं. माणसाला फार तहान लागते, लघवी जास्त होते, पोट साफ होत नाही, तो गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो. घरचे समजतात की वेळ आली. रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं, आणि सलाईन व झोलेड्रोनिक ॲसिडचं एक इंजेक्शन यांनी तो माणूस काही दिवसांत पुन्हा ओळखीने बोलू लागू शकतो. त्याला त्याच्या माणसांशी बोलायला मिळणारे ते आठवडे मोलाचे असतात, म्हणून गुंगी आली की कॅल्शियम तपासा असं आवर्जून सांगा.

खर्चासाठी महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटा, आणि शस्त्रक्रियेसाठी पैसे भरण्याआधी भेटा. परळच्या टाटा मेमोरियलला जाणं शक्य नसेल तर नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडेल. गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठेही जा, पण बायोप्सीचा नुसता कागद घेऊन जाऊ नका. पहिल्या प्रयोगशाळेतून काचेच्या स्लाइड आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या. ते नसतील तर नव्या ठिकाणी तुकडा पुन्हा काढावा लागतो आणि आणखी दोन-तीन आठवडे जातात.